आश्विनातला वाफसा

फुलबाग करण्याची हौस आपल्या मध्यमवर्गीय माणसाला साधारणपणे डिसेंबरात येते. कुणाच्या तरी फाटकातून मुठीएवढे गुलाब दिसतात, शेवंतीने कुंड्या भरलेल्या असतात, आणि घरी येता येता आपणही चार रोपे लावावीत असे मनात येते. पुढच्या रविवारी ती रोपे आणलीही जातात. पण फाटकातून जे फूल आपण पाहिले त्याची तयारी दोन महिने आधी, आश्विनात झालेली असते. तेव्हा आपण चकलीच्या भाजणीत आणि बोनसच्या हिशेबात गढलेले असतो. म्हणून या सदरातला यंदाचा दिवाळीचा मजकूर मी फुलांवर न लिहिता मातीवर आणि पाण्यावर लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने कुदळीवर लिहावे याचे कुणाला नवल वाटले, तर त्याने अरणच्या सावता माळ्याला आठवावे. आपल्या वाङ्मयात मळा आणि अभंग यांच्यामध्ये कुंपण कधीच नव्हते.

आमचे घर उस्मानपुऱ्यात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भाग ठाऊक असेल. संत एकनाथ रंगमंदिर इथलेच. नाटकाच्या रात्री आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत स्कूटरी लागतात आणि मध्यंतरात चहाच्या टपरीवर दुसऱ्या अंकाचे भविष्य वर्तवले जाते. आतल्या गल्ल्यांतून अजून काही बसकी घरे शिल्लक आहेत; बाकीच्यांच्या जागी तीनतीन, चारचार मजले उभे राहिले. आमच्या बसक्या घराला पूर्वेकडे वीस फूट लांब आणि नऊ फूट रुंद असे अंगण आहे. त्यात मधोमध तुळस, कोपऱ्यात प्राजक्त, दाराशी वडिलांनी लावलेला मोगरा. उरली जागा ती माझी फुलबाग. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ती ऐसपैस वाटेल. पण आमच्याकडे जागा हा प्रश्नच नाही, हे पुढे कळेलच.

आधी माती. मराठवाड्याची काळी माती म्हणजे मोठी मानी बाई. पावसात कुदळ घातली तर ती कुदळीला, चपलेला आणि माणसाला सारखीच चिकटते, सोडत नाही. तीच माती वैशाखात दगड होते आणि तिला भेगा पडतात. मुलांच्या गोट्या त्या भेगांत गेल्या की पावसाळ्यापर्यंत विसराव्या लागतात. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, हा तिचा स्वभाव. बेसॉल्टच्या काळ्या खडकाची हजारो वर्षे झीज होऊन ती झाली आहे, तेव्हा स्वभाव बदलण्याची आशा करू नये. या दोन टोकांच्या मध्ये फार थोडे दिवस असे येतात की माती ओलीही नसते आणि कोरडीही नसते. कुदळ सुखाने आत जाते, ढेकूळ हाताने फुटते आणि सकाळच्या उन्हात जमिनीतून किंचित वाफ निघाल्यासारखी वाटते. शेतकरी याला वाफसा म्हणतात. इतका नेमका शब्द फार थोड्या भाषांत असेल. वर्गात मुलांना शब्दशक्ती शिकवताना मी हा शब्द हटकून फळ्यावर लिहितो. शहरातली मुले एकमेकांकडे पाहतात आणि गंगापूर-वैजापूरकडचा एखादा मुलगा मागच्या बाकावर खुशीत हसतो.

वाफसा ओळखायला पंचांग थोडे उपयोगी पडते. हस्ताचा पाऊस साधारण दहा ऑक्टोबरपर्यंत. पुढे चित्रा, मग चोवीसच्या सुमारास स्वाती. हत्ती सोंड हलवून गेला आणि चारसहा दिवस उघडीप मिळाली की मातीची एक मूठ उचलावी आणि दाबावी. गोळा झाला पाहिजे. आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला तर तो फुटला पाहिजे. चिखलासारखा बसला तर थांबा. मुळी गोळाच होत नसेल तर आदल्या रात्री दोन झाऱ्या पाणी शिंपडा. आमच्याकडे वर्षातून एकदा खणायला येणारे माळीदादा म्हणतात, "साहेब, ही माती वर्षातून चार दिवस माणसात येते. तेवढ्यात तिच्याशी बोलून घ्यायचं."

बोलायचे म्हणजे काय, तर फूटभर खणायचे, ढेकळे फोडायची, लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढायच्या. हे काम चिकाटीचे आहे. लव्हाळा नुसता वरून उपटला तर तो दुप्पट होऊन येतो. मग आठवडाभर मातीला ऑक्टोबरचे ऊन खाऊ द्यायचे. नंतर तीन घमेली मातीला एक घमेले वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक घमेले शेणखत. शेणखत जुने, पूर्ण कुजलेले, हातात घेतले तर वास न येणारे हवे. ओले शेण घातले की वाळवी आणि हुमणी यांना घरचे आमंत्रण जाते. मूठमूठ निंबोळी पेंड मिसळली तर बरे. वाफा जमिनीपासून वीतभर उंच, गादीसारखा करावा, कारण काळ्या मातीत मुळांशी पाणी साचून रोप मरते. एवढे झाले की मातीचे काम संपले. आता खरी गोष्ट.

आमच्या गावात बागेचा आकार फुटांत मोजत नाहीत, बादल्यांत मोजतात. नळाला पाणी रोज येत नाही. मधे किती दिवस जातात ते ऋतूवर, विजेवर आणि जलवाहिनीच्या प्रकृतीवर अवलंबून असते. पाणी येते पैठणहून, पन्नासएक किलोमीटरांवरच्या नाथसागरातून. या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. धरण प्रचंड आहे, पण आमचे शहर त्याच्या पाण्याच्या पातळीपासून शंभर मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. म्हणजे आमच्या मोगऱ्याच्या आळ्यात पडणारा प्रत्येक तांब्या कुणीतरी डोंगर चढवून आणल्यासारखाच आहे. मलिक अंबराने १६१० साली इथे खडकी वसवली आणि पुढे जुन्या गावासाठी नहर बांधली, ती उत्तरेच्या डोंगरातून उताराने येणारी. पाणचक्कीच्या हौदापाशी उभे राहिले की त्या काळच्या माणसांच्या या विचाराचे कौतुक वाटते. पाण्याला त्यांनी त्याच्याच वाटेने आणले. आपण त्याला चढाला लावले आहे. अर्थात लाखो माणसांचे गाव नहरीवर चालले नसते, हेही खरे.

पैठण म्हटले की नाथ आले. आमच्या घरात नाथांच्या दोन कथांवरून दरवर्षी वाद होतो. आईची आवडती कथा श्रीखंड्याची. देवाने बारा वर्षे नाथांच्या घरी कावडीने गोदावरीचे पाणी वाहिले. "देवाला पाणी वाहायला लाज वाटली नाही," आई म्हणते, "आणि तुम्हांला देवाच्या फुलांना दोन तांबे घालायला जड जातं?" यावर आमच्या सौभाग्यवती दुसरी कथा काढतात. रामेश्वराला वाहायला आणलेले काशीचे पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. "म्हणजे आई, देवाच्या आधी तहानलेल्याचा हक्क. आणि आपल्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशी आधी स्वतःच्या घरचा ड्रम भरून मग येतात." मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे दोघी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहतात. मी दोन्ही कथा भक्तिपर आहेत एवढेच सांगून वर्तमानपत्र उघडतो.

हा वाद नेहमी हसण्यावारी जात असे असे नाही. २०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातला कुणीच विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. नाथसागरही तळाला गेला होता. आमच्या घरी सौभाग्यवतींनी मार्चअखेर हुकूम काढला की बागेला पाणी बंद. हुकूम योग्यच होता. पिण्याचे पाणी भरून ठेवायला भांडी पुरत नव्हती. गुलाब पंधरा दिवसांत काड्या झाले. ॲस्टर, फ्लॉक्स ही मंडळी आधीच गेली होती. प्राजक्ताने पाने गाळली. दाराशी मोगरा मात्र हिरवा होता. मे महिना आला तरी हिरवा. रोज संध्याकाळी दहाबारा कळ्या. प्रथम वाटले, जुने झाड, मुळे खोल गेली असतील. एका सकाळी सौभाग्यवतींना मोगऱ्याच्या बुंध्याशी माती ओली दिसली. आई तेव्हा सत्तरीची होती. आंघोळीला तिला एक बादली पाणी मिळे. तीतली अर्धी बादली ती आधीच वेगळी काढून ठेवी आणि आम्ही उठण्यापूर्वी मोगऱ्याला घाली. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

सौभाग्यवती यावर काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आईच्या बादलीत पाणी थोडे जास्त पडू लागले, आणि कपडे विसळण्याचे शेवटचे पाणी मोरीत न जाता दारात येऊ लागले. या विषयावर सासू-सुनांचे बोलणे आजतागायत झालेले नाही. झाले असल्यास मला सांगितलेले नाही.

त्या उन्हाळ्यानंतर मी बागेची रीत बदलली. एप्रिलमध्ये घरातून निर्वेधपणे एक बादली निघू शकते का, हे आश्विनात विचारायचे, आणि त्या एका बादलीवर जेवढी झाडे जगतील तेवढीच कायमची ठेवायची. बाकी सारी फुले हंगामी. फाल्गुन संपेपर्यंत पाहुणी, मग रामराम. बाग किती मोठी करायची हे माणूस नेहमी ऑक्टोबरातल्या भरल्या टाकीकडे पाहून ठरवतो, आणि मग एप्रिलमध्ये घरात भांडणे होतात.

बादलीभर पाणी पुरवायचे कसे, ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. ती आमच्या देवघरात दरवर्षी नऊ दिवस मांडलेली असते. घटस्थापनेला आई परडीत शेतातली काळी माती पसरते, तीत गहू, ज्वारी आणि आणखी धान्ये पेरते आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवते. रोपांवर फारसे पाणी पडत नाही. घट पाझरतो आणि दसऱ्यापर्यंत धान्य वीतभर वाढते. आपण त्याला हळद-कुंकू वाहतो आणि दहाव्या दिवशी विसर्जन करतो. खरे म्हणजे ती सिंचनाची शाळा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात मातीचे घडे जमिनीत पुरून वेलींना पाणी देण्याची रीत सांगितली आहे. आपल्याकडे ती देवघरात येऊन बसली.

करायचे असे. चारपाच लिटरचे, रंग न दिलेले, झिलई नसलेले मडके कुंभाराकडून आणावे. वाफा खणतानाच ते गळ्यापर्यंत पुरावे आणि भोवती बारीक केलेली माती चोपून बसवावी; मडके आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर पाझर पुढे जात नाही. तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा झाकण म्हणून ठेवावा. हे विसरता कामा नये, नाहीतर बागेत फुलांआधी डास येतील आणि घरात डेंग्यू. मडक्यापासून वीतभर अंतरावर भोवताली रोपे लावावीत. माती कोरडी झाली की पाणी झिरपते, ओली असली की थांबते; घट आपण होऊन हिशेब ठेवतो. थंडीत चारपाच दिवसांनी भरावा लागतो, उन्हाळ्यात एक दोन दिवसांआड. त्यात स्वच्छ पाणीच घालावे. साबणाच्या किंवा डाळ-तांदळाच्या पाण्याने मडक्याची भोके बुजतात. पोरी बसवलेल्या नळाच्या तोट्यांप्रमाणे वर्षाअखेर मडके उकरून घासावे, म्हणजे पुन्हा पाझरते.

वापरलेले पाणी आळ्यात घालायला हरकत नाही, पण सरसकट नव्हे. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. कपड्यांच्या पावडरचे पहिले पाणी मात्र मोरीतच जाऊ द्यावे. त्यातल्या क्षारांनी आमची काळी माती चोपण होते, म्हणजे वरून साय धरते आणि पाणी आत घेईनाशी होते. शेवटचे विसळणे चालते. शुद्धीकरण यंत्रातून बाजूला पडणारे पाणी अंगण धुवायला घ्यावे. तेही खारटच असते.

आता फुलांकडे वळतो, आणि लवकर आटोपतो, कारण आवडीला कुणी नियम सांगू नयेत. गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात. मेलेल्या आणि आत वाढलेल्या काड्या काढाव्यात. उरलेल्या काडीवर बाहेरच्या बाजूचा डोळा पाहून त्याच्यावर तिरका काप द्यावा. कात्री धारदार हवी. स्वयंपाकघरातली चालणार नाही, आणि घेतली तर घरात चालणार नाही. साधारण दीड महिन्याने फूल येते. मोगऱ्याला या दिवसांत खत-पाणी कमी करावे. त्याने थंडीत झोपले पाहिजे. जानेवारीअखेर छाटून, खत घालून पाणी सुरू केले की मार्चपासून तो जागा होतो. थंडीत त्याचे लाड करणारे लोक उन्हाळ्यात नुसती पाने तोडतात.

झेंडू आपल्या दसऱ्याचा इतका घरचा झाला आहे की तो मूळचा मेक्सिकोचा, हे सांगितले तर आईला पटत नाही. ज्ञानेश्वरांच्या महाराष्ट्रात मोगरा होता, झेंडू नव्हता. तोरणातली सुकलेली फुले चुरडून वाफ्यात टाकली तर रोपे येतात, पण बाजारातल्या टपोऱ्या संकरित झेंडूचे बी आईबापांसारखे निघेलच असे नाही. आमच्याकडे निम्मी फुले बारकी, कळकट पिवळी निघाली. मला ती अधिक आवडली. निशिगंधही त्याच देशाचा पाहुणा, पण वागणुकीने अस्सल मराठी: थोडक्यात भागवतो आणि रात्री दरवळतो.

शेवंतीचा एक अनुभव सांगतो. आमच्या फाटकाशी रस्त्यावरचा दिवा आहे. तो पूर्वी पिवळा, मिणमिणता होता. पुढे पांढरा, लख्ख आला. गल्ली आनंदली. त्या वर्षी फाटकाजवळच्या कुंड्यांतली शेवंती वाढली खूप, पण कळीच धरेना, आणि घरामागच्या अंधारातल्या कुंड्या मात्र फुलांनी ओसंडल्या. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र लांबली की ती कळी धरते, आणि रात्रभर दिवा जळत राहिला तर तिला उन्हाळा सरल्याचे कळतच नाही. आता सप्टेंबरात सगळ्या शेवंत्या घरामागे जातात आणि कळ्या रंगल्या की पुढे येतात. आमच्या मुलीने याला "शेवंतीचं माहेरपण" असे नाव दिले आहे.

रोपे कुठून आणावीत असे पुष्कळ वाचक विचारतात. सरकारी आणि कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका प्रत्येक जिल्ह्यात असतात. आमच्या हिमायतबागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. पण उत्तम रोपवाटिका म्हणजे शेजार. मोगऱ्याची दाबकलम, शेवंतीचे फुटवे, अबोलीची रोपे या गोष्टी विकत घेण्याच्या नाहीतच. आमच्या शेजारचे निवृत्त ओव्हरसिअर काका कुणालाही रोप देताना एकच अट घालतात: आपले मेले तर ज्याला दिले त्याने परत द्यायचे. २०१६ नंतर त्यांनी वसुलीही केली.

यंदा आश्विन निराळाच आला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की शेतातली पिकेच काय, माती वाहून गेली. ज्या मागच्या बाकावरच्या मुलांना वाफसा हा शब्द हसवतो, त्यांतली काही महिनाभर वर्गात दिसली नाहीत. अंगणाच्या नऊ फुटांवर लिहिताना मला हे विसरता येत नाही. आमच्याकडे गादीवाफ्याचा एक कोपरा खचला, एवढेच. नाथसागर काठोकाठ भरला आणि त्याचे दरवाजे उघडावे लागले, आणि आमच्या नळाला पाणी तरीही रोज आले नाही.

खणायला माळीदादा यायचे होते, ते दोन आठवडे उशिरा आले. त्यांच्या गावाकडच्या घराची भिंत बसली होती. आल्यावर त्यांनी मातीची मूठ दाबली आणि वाफसा अजून चार दिवसांवर आहे असे सांगून चहा घेतला. चार दिवसांनी वाफे झाले. सात घट पुरले आहेत: मोगऱ्याला दोन, गुलाबांना तीन, अबोलीला एक, तुळशीच्या मागे एक. आठवे मडके पायरीशी पडून आहे. ते शेवंतीला द्यावे असे मी म्हणतो. आई म्हणते प्राजक्ताला, तो म्हातारा झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे, ते पुरूच नये; धुऊन, पाण्याने भरून फाटकाबाहेर ठेवावे, उन्हाळ्यात रस्त्यावरच्या कुत्र्या-गाढवांना उपयोगी पडेल. या वेळी दोघी पुन्हा माझ्याकडे पाहत आहेत, आणि आजचे वर्तमानपत्र माझे वाचून झाले आहे.